आरोपीची जुनी केस पुरावा म्हणून कोर्टात चालेल का?

अंबाजोगाईकडच्या एका गावातली बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. बलात्काराच्या खटल्यात तिची साक्ष आठवड्यावर आली होती. समोर बसली आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून पेपरचं कात्रण काढलं. घड्यांवर फाटत आलेलं. याच आरोपीला आधी अशाच गुन्ह्यात अटक झाल्याची बातमी. त्या केसमध्ये साक्षीदार फुटल्यामुळे तो सुटला होता.

"ताई, हे जजसाहेबाला दाखवलं की झालं ना? मग मला कामून बोलवायलेत?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तराने चेहरे उतरतात, तरी मी ते साक्षीआधीच सांगते. ऐन कोर्टात कळलं तर बाई कोसळते.

भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 49 प्रमाणे आरोपी वाईट चालीचा आहे, हा पुरावा सहसा चालत नाही. त्यानेच स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा आणला, तरच सरकारी वकिलांना त्याला उत्तर देता येतं. आधी शिक्षा लागलेली असली तरी या गुन्ह्यात दोषी ठरेपर्यंत सेशन कोर्टात तिचा उल्लेख करायचा नसतो. दोषी ठरल्यावर मात्र ती मोजतात. बलात्कारात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीही होऊ शकते. जामिनाच्या वेळीही जुने गुन्हे बघतात. म्हणून कात्रण फेकू नको, सरकारी वकिलांना दे, असं मी म्हणाले.

ती बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग माझं काढतील का? मी पहिला नवरा सोडलेला हाय."

तिची खरी भीती ही होती. आणि इथे मला ठाम बोलता येतं. कलम 48 सांगतं, संमतीच्या प्रश्नात बाईचं चारित्र्य, आधीचे संबंध गैरलागू. उलटतपासणीत तसं विचारायलाही मनाई आहे. 2013 च्या दुरुस्तीपासून कायद्यात हे स्पष्ट आहे. तरी वकील आडून विचारतात, हे मी लपवलं नाही. तसं झालं तर सरकारी वकील हरकत घेतात, आणि सुनावणी बंद दाराआड असते, गावातलं कुणी आत नसतं.

पूर्वी मलाही या नियमाचा राग यायचा. त्याचं जुनं का झाकायचं? पण "आधी केलं, म्हणजे आताही केलंच असेल" हे चाललं, तर "आधी नवरा सोडला, म्हणजे राजीच असेल" हेही चालायला वेळ लागत नाही. हे दुसरं वाक्य बायांनी कोर्टात वर्षानुवर्षं ऐकलंय.

"म्हंजे त्या रातीचंच बोलायचं?"

"त्या रात्रीचंच. आठवतं तेवढं. नाही आठवत ते नाही आठवत म्हणायचं."

"रातीची लाइट होती त्या आठवड्यात. मी मोटार बंद करायला गेले होते." एवढं बोलून ती थांबली. मीही पुढचं विचारलं नाही. साक्ष तिची, शब्द तिचेच हवेत. सरकारी वकिलांची वेळ घेऊन दिली. तिथे ती सासूला घेऊन गेली.