मॅकसाठी वेगळा राउटर लागतो का?

प्रश्न : एम1 चिपचा मॅकबुक एअर घेतला. मला आवडलेल्या राउटरच्या बॉक्सवर फक्त विंडोजचा उल्लेख आहे. मॅकला चालेल का?

उत्तर : चालेल. अॅपल 1999 पासून एअरपोर्ट नावाचे स्वतःचे राउटर विकत असे, 2018 मध्ये ते बंद केले. पण मॅकला त्यांची सक्ती तेव्हाही नव्हती. वाय-फाय सगळ्यांचं एकच. समोर मॅक आहे की विंडोज, याच्याशी राउटरला देणंघेणं नाही. बॉक्सवरची ती ओळ बहुधा सोबतच्या सेटअप सॉफ्टवेअरपुरती असते. ते बाजूला ठेवा, राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता सफारीत टाका आणि तिथूनच सेटिंग करा. राउटरला हार्ड डिस्क जोडून बॅकअप घेणार असाल तर मात्र माहितीपत्रकात 'टाइम मशीन' (मॅकची स्वतःची बॅकअप सोय) हे शब्द आहेत का ते बघूनच पैसे द्या.

प्रश्न : माझा मॅकबुक एअर 2017 चा, प्लॅन 100 एमबीपीएसचा. वाय-फाय 7 चा राउटर घेऊ का?

उत्तर : कशाला? तुमचा मॅक वाय-फाय 5 या जुन्या पिढीचा, त्याची कागदावरची कमाल मर्यादाच 867 एमबीपीएस. आणि घरात येतात 100. वाय-फाय 6 चा साधा ड्युअल बँड (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ, दोन्हींवर चालणारा) राउटर पुष्कळ झाला. सहा अँटेनांचा खेकडा शोकेसमध्ये छान दिसतो, एवढंच.

प्रश्न : राउटर हॉलमध्ये आहे. बेडरूममध्ये दुसरा बसवला, तरी तिथे मॅक रखडतो. मुलाचा फोन मात्र सुसाट. असं का?

उत्तर : ऑप्शन की दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. आरएसएसआय म्हणजे सिग्नलची ताकद, त्यापुढे उणे आकडा दिसेल. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 70 च्या खाली गेला की कुरकुर सुरू. गंमत अशी, की सिग्नल साधारण उणे 75 पर्यंत घसरल्याशिवाय मॅक दुसरा राउटर शोधायलाच लागत नाही. हॉलमधला उणे 72 ने मिळतोय ना, मग मॅक त्यालाच चिकटून बसतो. तपासायला बेडरूममध्ये मॅकचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. वेग सुधारला तर दुखणं हेच. मग हॉलमधल्या राउटरची पॉवर कमी करून बघा, बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते. दोन्हींची नावं आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनल वेगवेगळे. दुसरा राउटर शक्यतो केबलने जोडून अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो पहिल्याचंच नेटवर्क पुढे पसरवेल. आणि हॉलमधला टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर असेल, तर खर्चाआधी तो हलवा.

प्रश्न : नेटवर्कच्या नावाखाली मॅक 'वीक सिक्युरिटी' दाखवतो. राउटर बदलू का?

उत्तर : आधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षेच्या पर्यायात डब्ल्यूपीए2/डब्ल्यूपीए3 (वाय-फायला कुलूप लावायच्या पद्धती) निवडा. तो पर्यायच नसेल तर निदान 'डब्ल्यूपीए2 एईएस' असं लिहिलेला पर्याय. तेही नसेल, तर हो, बदला.