वडील जाऊन सात महिने झाले, आई रडलीच नाही

"वडील करोनात गेले, त्याला सात महिने झाले. आई अजून रडली नाही मॅडम. डोक्यावर परिणाम झाला असंल का?" २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर या धर्तीचा प्रश्न मला कितीतरी घरांनी विचारला. त्यातलं एक घर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बीड जिल्ह्यातला बंजारा तांडा, ऊसतोडीवर जगणारं कुटुंब. २०२०च्या टाळेबंदीत फडावरच अडकले. एप्रिलअखेर परतले, तर शेजारच्या गावाने हातपंपावरही येऊ दिलं नाही. चौदा दिवस शिवारात काढले. तेही सोसलं. पुढच्या वर्षी वडील दवाखान्यात गेले, ते आलेच नाहीत. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

मी त्या मुलाच्या आईला, मावशींना, मराठीत विचारायची, "कसं वाटतंय?" उत्तर ठरलेलं, "बरं हाय." दोन भेटी अशाच गेल्या. चूक माझी होती. तिसऱ्या भेटीला त्यांच्या बहिणीला बोलावलं, दोघींना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलू दिलं आणि मी गप्प बसले. मावशी ओढणीवरच्या आरशांवरून बोट फिरवत होत्या. एक आरसा निखळलेला, तिथे बोट थांबायचं. बऱ्याच वेळाने बहीण मला म्हणाली, "ती म्हणती, मी आता अर्धा कोयता झाले. मला उचल कोण देणार? अन् आधीची फेडायची कशी?"

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाने हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे, ते कामातून फेडायचे. त्यांचं दुःख आणि मुकादमाचा हिशेब एकाच गाठीत अडकले होते. आधी मुलाला मुकादमाकडे पाठवून बाकी लिहून घ्यायला लावली. मग तांड्याच्या प्रमुखांनी, नायकांनी, पुढाकार घेऊन राहिलेला विधी केला. बाया गळ्यात पडून, सूर लावून रडल्या. मावशीही रडल्या.

रडू न येणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे निकषही शोक सहा महिन्यांपलीकडे तीव्र राहिला तरच आजाराचा विचार करायला सांगतात, आणि तोही त्या समाजाची शोकाची रीत लक्षात घेऊन. मात्र अन्न सुटलं, झोप उडाली, "मलाही जायचंय" असं बोलणं निघालं, तर वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. फोन लावाल तेव्हा शेजारी घरची भाषा बोलणारं माणूस बसवा.