‘आमचं घर’ की ‘आपलं घर’?

प्रश्न : माझी मातृभाषा हिंदी. दीड वर्षापूर्वी लग्न होऊन मराठी घरात आले. मागच्या महिन्यात पाहुणे आले होते, त्यांना घर दाखवताना मी म्हटलं, “आपल्या घराला दोन गॅलऱ्या आहेत.” पाहुण्या बाई जरा थबकल्या. नंतर स्वयंपाकघरात नणंदेने हळूच सांगितलं, “वहिनी, ‘आमच्या घराला’ म्हणायचं.” मला ते लागलं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, “हे आपलंच घर आहे.” मग ते एकदम ‘आमचं’ कसं झालं? हिंदीत आम्हाला ‘हमारा’ एवढा एकच शब्द पुरतो. मराठीत या दोन शब्दांत नेमका फरक काय?

उत्तर : आधी मनातली अढी काढून टाका. नणंदेने तुम्हाला घराबाहेर काढलेलं नाही, उलट घरात घेतलंय. पाहुण्यांशी बोलताना ‘आमचं’ म्हणजे तुमचं, नवऱ्याचं, सासूबाईंचं, नणंदेचं. त्या ‘आमच्या’त तुम्ही आहात आणि पाहुणे नाहीत. ‘आपल्या घराला’ म्हटल्यावर पाहुण्या बाईही त्या घराच्या मालकीण झाल्या, म्हणून त्या क्षणभर थबकल्या.

मी २२ वर्षं मोठ्या माणसांना मराठी शिकवते आहे. पहिल्या आठवड्यात मी एकच सांगते : बोलताना समोरच्याकडे बघा. त्याला धरून बोलायचं असेल तर ‘आपण’, त्याला सोडून बोलायचं असेल तर ‘आम्ही’. मी, माझी मैत्रीण आणि तुम्ही असे तिघं बसलो आहोत. “आम्ही चहा घेतो” म्हटलं, तर तुमचा कप त्यात नाही. “आपण चहा घेऊ” म्हटलं, तर आहे.

एकदा वर्ग संपल्यावर दोन विद्यार्थी दाराशी आले आणि त्यातला एक म्हणाला, “मॅडम, आपण निघतो.” मी पिशवी उचलली, पंखा बंद केला, दिवे घालवले आणि त्यांच्याबरोबर जिना उतरले. खाली आल्यावर तो बिचारा विचारतो, “तुम्हाला अजून वह्या तपासायच्या होत्या ना?” त्याला म्हणायचं होतं, ‘आम्ही निघतो’. एका सर्वनामाने मला तीन मजले खाली आणलं. तेव्हापासून हे उदाहरण मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, कारण नियम विसरला तरी हा जिना लक्षात राहतो.

तुम्हाला हा फरक नवा वाटतो, कारण प्रमाण हिंदीत तो नाही. ‘हम चलते हैं’ यात ऐकणारा आहे की नाही, हे प्रसंगावरून ओळखायचं. (मध्य प्रदेशाकडच्या बोलण्यात ‘अपन चलते हैं’ ऐकू येतं, तो आपल्या ‘आपण’चा सख्खा भाऊ.) गुजरातीत मात्र ‘आपणे’ आणि ‘अमे’ अशी हीच जोडी आहे. तेलुगूत ‘मनम्’ आणि ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’. त्यामुळे माझ्या वर्गात तेलुगू किंवा तमिळ माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन शब्द फळ्यावर लिहिले की तो मान डोलावतो.

आता तुमच्याच पत्राकडे या. तुम्ही लिहिलंत, “हिंदीत आम्हाला ‘हमारा’ एवढा एकच शब्द पुरतो.” इथे ‘आम्हाला’ अगदी बरोबर आहे. हिंदी ही तुमची मातृभाषा, माझी नाही, म्हणून तुम्ही मला त्यातून वगळलंत. तुमच्या कानाला फरक कळतोय. अडचण येते ती घर, माणसं, नाती आली की. कारण तिथे ‘आपलं’ला मायेचा वास आहे आणि ‘आमचं’ परकं वाटतं. पण माया शब्दात नसते, तो कोणापुढे उच्चारला त्यात असते. पाहुणे आलेत हे नवऱ्याला फोनवर सांगाल तर “आपल्याकडे पाहुणे आलेत”. शेजारणीला सांगाल तर “आमच्याकडे पाहुणे आलेत”. पाहुणे तेच, घर तेच.

माहेरी आईशी बोलताना मात्र खरी परीक्षा. सासरबद्दल सांगताना तुम्ही “आमच्या घरी” म्हणाल, आणि मराठी आई असेल तर तिच्या काळजात बारीकशी कळ येईल, कारण कालपर्यंत लेक तिच्याशी बोलताना ‘आपल्या घरी’ म्हणायची. माझ्या आईने मला एकदा विचारलंही होतं, “आता आमच्या घरी का गं?” मी चूक बोलले नव्हते. तरी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलताना मी दोन्ही शब्द टाळून नुसतं “घरी” म्हणत असे.

आणि ‘आमचं’ जिथे खरोखर दुखावतं, ती जागाही सांगते. सासूबाई तुमच्याकडे वळून “आमच्यात असं करत नाहीत” म्हणाल्या असत्या, तर तुम्ही बाहेरच्या ठरला असतात. तेच “आपल्यात असं करत नाहीत” म्हटलं, तर बोलणं टोकायचंच आहे, पण तुम्हाला घरात धरून. तुमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘आपलंच’ हा शब्द वापरला, तो जपून ठेवा.

माझे वडील आजारी होते तेव्हा मी हा फरक फार जवळून पाहिला. सकाळी येणारे डॉक्टर फाईल चाळत म्हणायचे, “आम्ही बघतो काय करायचं ते.” त्यांच्या उपचारात काही कमी नव्हतं. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर बाई यायच्या. त्या खाटेच्या कडेला टेकून म्हणाल्या, “काका, उद्या आपण ही नळी काढून बघू.” त्या गेल्यावर वडिलांनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, “‘आपण’ म्हणाल्या.” दिवसभरात तेवढंच बोलले.

‘आपण’ला एवढी जवळीक कुठून आली, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. ‘आम्ही’ संस्कृतातल्या ‘अस्मद्’च्या घरातला, प्राकृतातल्या ‘अम्हे’वरून आलेला. ‘आपण’ मात्र ‘आत्मन्’पासून, प्राकृतातल्या ‘अप्पण’वरून आला. म्हणजे त्याचा मूळ अर्थ ‘स्वतः’. तो अर्थ आजही जिवंत आहे. तुकोबांचा निरोपाचा अभंग आठवा : “आम्ही जातो आपुल्या गावा । आमचा रामराम घ्यावा ।” एकाच ओळीत दोघेही आले आहेत. जाणारे ‘आम्ही’, मागे राहणारे त्यात नाहीत. पण ‘आपुल्या गावा’ म्हणजे तुमच्या-आमच्या गावाला नव्हे, जाणाऱ्याच्या स्वतःच्या गावाला. ‘आपुल्या’मध्ये ऐकणाऱ्यालाही धरलं, तर निरोपच उरणार नाही.

या ‘स्वतः’मुळे एक घोटाळा मात्र होतो. “त्याने आपलं घर विकलं.” कोणाचं? त्याचं स्वतःचं, की तुमचं-माझं? हल्ली बरेच जण “त्याने त्याचं घर विकलं” लिहितात, पण ‘त्याचं’ म्हणजे आणखी तिसऱ्याचंच असाही अर्थ निघतो. संशयाला जागा असेल तिथे मी सरळ ‘स्वतःचं’ लिहिते. (“मी आपली गप्प बसले” यातला ‘आपली’ वेगळाच. तो कोणाच्या मालकीचा नाही, नुसता बोलण्याला सूर देतो.)

वर्गात हमखास विचारला जाणारा एक प्रश्नही इथेच घेते. राज्यघटनेची मराठी उद्देशिका “आम्ही, भारताचे लोक” अशी सुरू होते. सगळेच त्यात असताना ‘आपण’ का नाही? मला ‘आम्ही’च योग्य वाटतं. ती घोषणा आहे, आणि घोषणा करणारा पुढे उभा राहून ‘आम्ही’ म्हणतो. ‘आपण, भारताचे लोक’ म्हटलं असतं, तर ‘तुम्ही’ असाही अर्थ निघाला असता आणि शपथेचा कणा मोडला असता. सगळ्यांना कवेत घेण्याचं काम शेवटचे शब्द करतात : हे संविधान आम्ही ‘स्वतःप्रत’ अर्पण करतो. देणारे आणि घेणारे एकच.

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. एका सभासदाला पत्र लिहिलं, “आपण देखभालीची रक्कम वेळेत भरली नाही.” ते सभेत उठून म्हणाले, “आपण म्हणजे आपण सगळ्यांनीच, तर मग मला एकट्याला पत्र का?” माझं वाक्य चुकलं का?

उत्तर : चुकलं नाही, पण मोकळं राहिलं. आदरार्थी ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’, आणि तो एरवी क्रियापदावरून ओळखू येतो. “आपण कुठे राहता?” म्हणजे तुम्ही, “आपण कुठे राहतो?” म्हणजे आपण सगळे. “आपण आलात” आणि “आपण आलो” यांतही गोंधळ नाही. पण भूतकाळात कर्म आलं की क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘रक्कम भरली’ यात ‘भरली’ हे रूप रकमेमुळे आहे, भरणाऱ्याचा त्यात पत्ताच लागत नाही. त्या सभासदांना जी फट सापडली, ती इथली.

उपाय एका अक्षराचा आहे. शेवटी ‘त’ लावा : “आपण देखभालीची रक्कम वेळेत भरली नाहीत.” तसंच “आपण पत्र पाठवलेत”, “आपण अर्ज केलात”. हा ‘त’ ‘तुम्ही’चा आहे, अशा वाक्यांत ‘आम्ही’ला तो लागत नाही. पैशांच्या पत्रात तर मी त्याहूनही साधं लिहीन : “तुमच्याकडून देखभालीची रक्कम आलेली नाही.” ‘तुम्ही’ हाही पुरेसा आदराचा शब्द आहे. आणि संस्थेबद्दल लिहाल तिथे ‘आपण’ऐवजी ‘संस्थेने’ लिहा.