‘मॅडम, हे आत आहे तोवर मी बरी कशी?’

केमोपोर्ट, म्हणजे केमोचं औषध शिरेत सोडायची डबी, बसवलेले पेशंट समुपदेशनाला माझ्यासमोर बसले की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. कॅन्सरची केमो संपते, रिपोर्ट चांगले येतात, पण कॉलरबोनखाली कातडीआड बाटलीच्या बुचाएवढी डबी तशीच असते. तिची नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली.

महाल भागातल्या एक काकू (ओळख पटेल असं सारं बदललं आहे) नागपूरच्या मे महिन्यातही पदर गळ्याशी पिनेनं घट्ट लावून यायच्या. "काढून टाका म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले काही महिने राहू द्या. काहून? परत येईल असं वाटते नं त्यांना?"

घरच्यांचं एकच, विचार करू नका. त्या वाक्यानं कुणाचं मन हलकं झालेलं मी पाहिलेलं नाही.

तीन भेटी आम्ही ‘परत आला तर’भोवतीच फिरलो. चौथ्या भेटीत मी विचारलं, "काकू, पोर्टला कधी हात लावून पाहिलात?"

बराच वेळ शांतता. "नाही जी. अंघोळीत तेवढी जागा सोडून साबण लावते. नातवालाही डाव्याच खांद्यावर घेते."

भीती शब्दांआधी शरीरात घर करते, हे मी वर्षानुवर्षं मानत आले आहे. म्हणून समजावलं काहीच नाही. "आता लावून पाहा," एवढंच म्हटलं. बोटं पदराखाली गेली, थांबली, परत गेली.

"बटणासारखं आहे."

मग आपणहूनच हाताच्या काळ्या पडलेल्या शिरा दाखवल्या. पहिली केमो हातातून दिली होती, चारदा टोचावं लागलं होतं. "यानं बाकीचे हाल वाचवले माझे," म्हणाल्या आणि रडल्या. ते रडणं मी अडवलं नाही.

पोर्ट काही काळ ठेवणं ही बहुतेकदा खबरदारी असते. तरी तुमच्या बाबतीत कारण काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तो नकोसा वाटणं आणि काढायचीही धास्ती वाटणं, दोन्ही एकाच माणसात असतं. जखम भरली की अंघोळीला अडचण नाही. फ्लशिंगची, म्हणजे नळी तुंबू नये म्हणून ती आतून धुण्याची, तारीख चुकवू नका. पोर्टची सुई वेगळी असते, त्यामुळे गल्लीतल्या लॅबमध्ये साधी सुई तिथे टोचू देऊ नका. थंडी वाजून ताप, लाली, हात किंवा मान सुजणं यांपैकी काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठा.

काकूंनी काढायची तारीख अजून घेतलेली नाही. गेल्या फ्लशिंगला नातू सोबत होता, उजव्या खांद्यावर झोपलेला.