शी जिनपिंग यांचं आडनाव कुठलं?

प्रश्न असा आलाय की शी जिनपिंग यात आडनाव कुठलं आणि इंग्रजीसारखं फिरवून जिनपिंग शी लिहिलं तर चालेल का. आडनाव शी. फिरवू नका, चिनी सरकार इंग्रजीत लिहितानाही शी आधीच ठेवतं.

पण बातम्यांत रोज 'जिनपिंग म्हणाले' ऐकून डोकं उठतं. पुतिन, ट्रम्प सगळे आडनावाने आणि यांना एकट्यांनाच पाळण्यातल्या नावाने! माओंच्या बाबतीत मात्र हेच लोक बरोबर बोलतात, माओ हे आडनावच, म्हणून तर माओवाद म्हणतो, झेडोंगवाद नाही. माझं स्पष्ट मत आहे की मराठीत 'शी' म्हटलं की नाक मुरडलं जातं म्हणून 'शी यांची भेट' छापायला संपादक कचरतात. आणि हो, माओ त्से तुंग असे तीन तुकडे पाडून मधल्या त्सेला वडिलांचं नाव समजू नका, त्यांचे भाऊ झेमिन आणि झेतान, म्हणजे तो झे (जुन्या स्पेलिंगने त्से) भावंडांत सामायिक आहे.

खरी मजा आडनावाच्या चिनी शब्दात आहे. शिंग! लिहिताना बाईचं चिन्ह आणि जन्माचं चिन्ह शेजारीशेजारी. आणि जुनी कुळनावं बघा, झोउ राजांचं जी, पहिल्या सम्राटाचं यिंग, शिवाय ज्यांग, याओ, प्रत्येकात बाईचं चिन्ह आहे. म्हणजे आडनाव मुळात आईकडून आलेलं, बाप नंतर. यावर काही पंडित सांगतात की जन्माचं चिन्ह तिथे नुसतं उच्चारापुरतं आहे, त्यात अर्थ शोधू नये. का शोधू नये? इ.स. 100 च्या सुमारास कोश रचणाऱ्या शू शेनने अर्थ आणि उच्चार दोन्ही म्हटलंय, वर प्राचीन पुण्यवान मातांना आकाशाच्या प्रभावाने मुलं झाली असंही लिहून ठेवलंय. दुसरा गट म्हणतो की एकाच शिंगमध्ये लग्न चालत नसे, आपल्या सगोत्रासारखं, म्हणून बाईचं शिंग सांगावं लागे आणि म्हणून ते चिन्ह. प्रथा खरी आहे, पण मग शेजारी जन्म कशाला हवा, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. मी शू शेनच्याच बाजूचा.

इंग्रजांचं सरनेम याच्या अगदी उलट, फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ 'वरचं नाव'. गावात जॉन फार झाले की लोहारकाम करणारा तो स्मिथ, जॅकचा मुलगा तो जॅक्सन. नंतर जोडलेलं म्हणून शेवटी, चिन्यांचं जन्मापासूनचं म्हणून आधी, मला तरी हे असंच दिसतं.

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांचं चिनी नाव झालं के दिहुआ. कोटणीसमधल्या 'को'चा के झाला आणि थेट पुढे जाऊन बसला, शेवटचं हुआ म्हणजे चीन. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत. पूर्ण नाव के यिनहुआ, बापाचं आडनाव सगळ्यात आधी.