उलट धावताच डबा अंधारात

प्रश्न : एचओ मापाच्या (१:८७) मॉडेल रेल्वेच्या डब्यात १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावली. गाडी उलट धावली की दिवे विझतात, रुळांच्या सांध्यांवर लुकलुकतात. रूळ साध्या डीसीवर आहेत.

उत्तर : दिशा बदलली की रुळांतले अधिक-उणे उलटते आणि एलईडी विझते. चाकांच्या तारा आधी ब्रिज रेक्टिफायरला (अधिक-उणे उलटले तरी वीज एकाच दिशेने पुढे देणारा भाग) जोडा, मग पट्टीला. रेक्टिफायरच्या अधिक-उणे टोकांवर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा; तो थोडी वीज साठवून लुकलुक कमी करतो. तो उलटा जोडला तर फुगून फुटतो. उजेड डोळ्यांवर येत असेल तर पट्टीआधी १ किलोओहमचा रेझिस्टर घाला.

लुकलुकण्याचे मूळ मात्र बहुधा मळक्या चाकांत असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वीज दोन्ही बोगींतून (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींतून) घ्या. वीज घेणारी पत्र्याची पाती चाकाला हलकेच टेकवा, दाबली तर डबा ओढताना इंजिन दमते.