वाचक विचारतात : ई-स्कूटरचा वेग वाढवून घ्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा असून बारावीत शिकतो. कॉलेज आणि क्लास यांसाठी आम्ही त्याला नंबर आणि लायसन्स न लागणारी, ताशी २५ किलोमीटर वेगाची ई-स्कूटर घेऊन दिली. मोठ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या गाड्यांमुळे तिच्यावर जाताना भीती वाटते, असे तो म्हणतो. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याचे म्हणणे असे, की कंट्रोलरमधले (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागातले) वेगमर्यादेचे ‘लॉक’ काढले की हीच गाडी ४५ ने पळेल आणि खर्चही किरकोळ येईल. करून घ्यावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : करून घेऊ नये. मुलाची तक्रार मात्र खोटी नाही. ताशी पन्नास-साठने वाहणाऱ्या रहदारीत २५ ने चालणारी गाडी खरोखरच अडचणीत सापडते, आणि या अडचणीचा विचार विक्रेत्याने गाडी विकताना करायला हवा होता, कारण ‘लायसन्स नको, पासिंग नको’ एवढेच सांगून या गाड्या विकल्या जातात आणि ही सवलत कोणत्या अटीवर मिळते ते सहसा सांगितले जात नाही.

ती अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटरची सलग तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आहे, जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि बॅटरी वगळून जिचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, ती दुचाकी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असल्यास कायद्याने ‘मोटार वाहन’ ठरतच नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. नोंदणी, परवाना आणि विमा या तिन्हींतून मिळणारी सूट या एका व्याख्येवर उभी आहे. लॉक काढले की व्याख्या मोडते, आणि तुमच्या दारात उभी असते ती नोंदणी नसलेली, विमा नसलेली मोटारसायकल, जी एक अल्पवयीन मुलगा विनापरवाना चालवत असतो.

दंडाचे आकडे सांगतो. नोंदणीविना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये, परवान्याविना पाच हजार, विम्याविना दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना आहेच. याहून गंभीर आहे ते २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. गॅरेजचे पैसे तुम्हीच दिले असतील, तर ते कसे सिद्ध करणार?

तरीही दंड हा यातला लहान भाग आहे. समजा, या गाडीची धडक एखाद्या पादचाऱ्याला बसली आणि तो कायमचा अपंग झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचे वय, उत्पन्न आणि उपचारांचा खर्च पाहून भरपाई ठरवते आणि ती रक्कम कित्येक लाखांत जाऊ शकते. विमा असता तर ती कंपनीने भरली असती. इथे विमाच नसल्याने ती तुमच्या बचतीतून आणि मालमत्तेतून वसूल होईल.

आता गाडीच्या बाजूने पाहू. स्कूटर आणि चालक मिळून सुमारे १४० किलो वजन सपाट रस्त्यावर ताशी २५ ने ढकलायला चाकाशी साधारण अडीचशे वॅट शक्ती लागते. म्हणजे नियमातले दोन्ही आकडे एकमेकांना धरून आहेत. वेग ४५ झाला की वाऱ्याचा विरोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि एकूण गरज साडेनऊशे वॅटच्या आसपास पोहोचते. तेव्हा केवळ लॉकची एक वायर काढून गाडी खरोखर ४५ ने पळत असेल, तर तिची मोटर मुळात २५० वॅटची नव्हतीच, आणि मग विक्रेत्याने दाखवलेल्या प्रमाणपत्राबद्दलच विचारायला हवे. मोटर खरोखर लहान असेल, तर त्याच व्होल्टेजवर साडेतीन पट शक्ती खेचण्यासाठी बॅटरीतून जवळपास साडेतीन पट प्रवाह घ्यावा लागेल आणि तारांमध्ये व जोडांमध्ये निर्माण होणारी उष्णता बारा पटींच्या घरात जाईल. वायरिंग, कनेक्टर आणि बॅटरीचे सेल यांपैकी काहीही या हिशोबाने बसवलेले नसते. बॅटरीतील संरक्षक सर्किट वारंवार गाडी बंद पाडते म्हणून काही ठिकाणी तेच वगळून जोडणी करून दिली जाते. आगीला याहून थेट आमंत्रण असू शकत नाही. शिवाय दर किलोमीटरला जवळपास दुप्पट वीज लागत असल्याने एका चार्जिंगमधले अंतर निम्म्यावर येते.

ब्रेकचेही असेच आहे. त्याच ब्रेकने आणि एका सेकंदाच्या प्रतिसादाने २५ च्या वेगात गाडी साधारण तेरा मीटरमध्ये थांबत असेल, तर ४५ च्या वेगात तिला बत्तीस मीटर लागतील.

मग मुलाने काय करावे? अठरा पूर्ण होईपर्यंत याच गाडीवर, याच वेगाने, आतल्या रस्त्यांनी आणि हेल्मेट घालून जावे. ज्या टप्प्यात मोठा रस्ता टाळता येत नाही, तिथे बस बरी. नंतर परवाना काढून हिरव्या पाटीची, नोंदणीकृत ई-स्कूटर घ्यावी. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरील वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ आहे, त्यामुळे पासिंगच्या खर्चाची सबब फारशी उरत नाही.

प्रश्न : मी जुनी ‘विनापासिंग’ ई-स्कूटर विकत घेतली आणि ती ५० च्या वर जाते असे लक्षात आले. आता तिची आरटीओत नोंदणी करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : जवळजवळ नाहीच. नोंदणीसाठी त्या मॉडेलला मोटार वाहन म्हणून मान्यता मिळालेली असावी लागते आणि ती निर्मात्याने घ्यायची असते. एकेका मालकाला ती मिळवता येत नाही. निर्मात्याच्या अधिकृत सेवा केंद्रातून गाडी मूळ स्थितीत आणून घ्या आणि तसे लेखी घ्या. कारखान्यातूनच ती अशी आली असल्याचे आढळल्यास तक्रार परिवहन कार्यालयाकडे आणि ग्राहक आयोगाकडे करावी, कारण नियमाबाहेरचे वाहन विकणाऱ्या निर्मात्याला आणि विक्रेत्याला दर वाहनामागे एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तोवर ती रस्त्यावर काढू नका, आणि काही न सांगता पुढच्याच्या गळ्यातही मारू नका.

प्रश्न : जर्मनीत शिकत असलेल्या माझ्या भाचीला तिथले मित्र ई-सायकलचा वेग वाढवणारे किट बसवायला सांगतात. तिथे नियम सैल आहेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उलट तिथे रेषा अधिक ठळक आहे. पायडल मारतानाच मदत करणारी, २५० वॅटची आणि २५ च्या वेगाला मदत थांबवणारी सायकल तिथे सायकलच मानली जाते. ४५ पर्यंत मदत करणारी सायकल हा वेगळा प्रकार असून तिला विम्याची पाटी, परवाना आणि हेल्मेट लागते. किट बसवलेली साधी सायकल रस्त्यावर आणणे म्हणजे विमा आणि परवाना नसताना वाहन चालवणे, आणि तिथे हे फौजदारी गुन्हे आहेत. परदेशात विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या मुलीने अशी नोंद आपल्या नावावर येऊ देऊ नये.